चौकटीच्या आत की बाहेर

पर्ल वोइचुकच्या घराला एकूण अकरा खिडक्या होत्या. खाली सहा, वर चार आणि तळघरात जमिनीलगत एक. त्यांतल्या सात नीट उघडत, तीन अजिबात उघडत नसत, आणि स्वयंपाकघरातली एक उजव्या कोपऱ्यावर बुक्की मारली तरच उघडे. नऊ खिडक्यांना तिनं स्वतः शिवलेले कापडी पडदे होते. न्हाणीघरात अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा जुना पडदा होता. तळघरातल्या खिडकीला काहीच नव्हतं, कारण तिच्यातून बर्फाखेरीज कुणी आत डोकावत नसे.

या अकराच्या अकरा खिडक्यांना नवे पडदे लावायचे, असं तिच्या मुलीनं, टॅनिसनं, एप्रिलमधल्या एका रविवारी जाहीर केलं. तेही स्वतःच्या खर्चानं.

पर्लच्या हातातला कॉफीचा मग ओठांपाशीच थांबला. तिची सगळी नोकरी विनिपेगच्या धान्य तपासणी कचेरीत गव्हाची प्रत ठरवण्यात गेली होती. मालगाडीच्या डब्यातून काढलेला नमुना ताटात पसरायचा आणि चांगल्या दाण्यांकडे न बघता वाईट दाणे हुडकायचे, हे तिचं काम. निवृत्त झाली तरी नजर तीच राहिली होती, आणि त्या नजरेला टॅनिसचा हा दाणा बरा दिसेना. टॅनिस म्हणजे आईच्या वाढदिवसाला दुकानातला शिळा, किंमत उतरवलेला केक आणणारी आणि वर 'तुला एकटीला कुठं संपतो?' असं विचारणारी मुलगी.

"सगळ्या अकरा?" पर्लनं विचारलं.

"सगळ्या."

"तळघराची पण?"

"तळघराची पण. सगळं एकसारखं दिसायला हवं ना."

"कुणाला?"

टॅनिसनं टेबलावरचे केकचे कण बोटानं गोळा केले. "तुलाच गं आई. आणखी कुणाला?"

ती गेल्यावर पर्लनं शेजारच्या इर्मा डोएलला फोन लावला. दोघींच्या घरांमध्ये कुंपण होतं, पण कुंपणाशी उभं राहून बोलण्याइतकी ऊब अजून हवेत नव्हती.

"पांढरे म्हणाली का?" इर्मानं सगळं ऐकून विचारलं.

"रंगाचं अजून काही बोलली नाही. लाकडी पट्ट्यांचे म्हणाली. स्क्रूनं बसवायचे."

"मग झालंच की. तो कोपऱ्यावरचा स्टॅन आठवतो? त्याच्या पोरानं आधी पांढरे पट्ट्यांचे पडदे बसवले, आणि दोन महिन्यांत घरापुढे 'विकणे आहे'ची पाटी. आता स्टॅन आठव्या मजल्यावर राहतो आणि खाली उतरायला लिफ्टची वाट बघतो."

"टॅनिस तसं करायची नाही."

"मी कुठं म्हणते करेल? मी आपलं सांगते. घर विकलं की स्क्रूनं बसवलेलं घराबरोबर जातं. नुसतं लटकवलेलं आपल्याबरोबर येतं. लटकणाऱ्या पडद्यांवर तुझी पोरगी कशाला खर्च करेल?"

हे सांगायला इर्मा नको होती. पडद्याची दांडी नव्या मालकाची आणि दांडीवरचं कापड जुन्या मालकाचं, हा नियम त्या शहरात घर घेतलेल्या प्रत्येकाला ठाऊक होता. पर्ल आणि तिचा नवरा मेट्रो या घरात आले तेव्हा अकरा खिडक्यांना नुसत्या दांड्या होत्या, आणि पहिली रात्र त्यांनी दांड्यांवर चादरी टाकून काढली होती. मेट्रोला जाऊन आता चार वर्षं झाली होती.

आदल्या हिवाळ्यात मागच्या पायऱ्यांवर पाय घसरून पर्लचा खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली, मग चालायला शिकवणाऱ्या केंद्रात मुक्काम झाला. तेवढे दिवस घर रिकामं होतं आणि किल्ली टॅनिसकडे होती. तेव्हापासून टॅनिसच्या बोलण्यात लिफ्टवाल्या इमारती येऊ लागल्या. पर्लनं एकदाच उत्तर दिलं होतं: "सहा जणांनी शवपेटी उचलल्याशिवाय मी या घरातून बाहेर पडणार नाही." त्यानंतर टॅनिसनं तो विषय काढला नव्हता. इतके महिने काढला नव्हता, हेच पर्लला आता खटकू लागलं.

पुढच्या आठवड्यात पडदेवाला आला. रोमेल डिझॉन त्याचं नाव. नमुन्यांच्या दोन पेट्या घेऊन तो घरोघर हिंडे. दारात बूट काढता काढताच म्हणाला, "वा मावशी, काय सुंदर घर आहे!"

"अजून बघितलंयस कुठं?" पर्ल म्हणाली.

टॅनिस त्याच्या आधीच येऊन बसली होती. रोमेलनं जेवणाच्या टेबलावर नमुने मांडले. पर्लनं त्यांतून जांभळ्या रंगाचं जाड कापड उचललं. "हे. चुण्या घालून, जमिनीपर्यंत."

"आई, किती अंधारा रंग आहे तो."

"तुझ्या बाबांना आवडायचा."

"बाबा एका पायात निळा आणि एका पायात हिरवा मोजा घालून चर्चला जायचे. रंगाचं त्यांचं काय घेऊन बसलीस? पांढरा घे. पांढऱ्या लाकडी पट्ट्या, सगळीकडे."

"हॉस्पिटलात पुष्कळ पांढरं बघून आलेय मी."

"पांढरा कुणालाही चालतो मावशी," रोमेल मध्ये पडला. "येणाऱ्याला आत पाऊल टाकल्या टाकल्या प्रसन्न..."

टॅनिसला ठसका लागला.

"येणाऱ्याला?" पर्लनं मान वळवली. "कोण येणार आहे?"

"पाहुणे हो, पाहुणे!"

"माझ्याकडे फक्त इर्मा येते. तिला मोतीबिंदू आहे."

पण शेवटी पांढऱ्या पट्ट्याच ठरल्या. पर्लनं जरा लवकरच माघार घेतली. हट्ट धरला असता तर टॅनिस सावध झाली असती, आणि पर्लला तिला बोलू द्यायचं होतं.

मग रोमेलनं विचारलं, "चौकटीच्या आत बसवायचे की बाहेर?" आत म्हणजे पडदा चौकटीच्या पोटात बसतो आणि चौकटीचं लाकूड मोकळं दिसतं. बाहेर म्हणजे पडदा भिंतीवर बसतो, आणि चौकट पार झाकली जाते.

"आत," टॅनिस लगेच म्हणाली. "ओकची चौकट आहे. ती झाकायची नाही."

रोमेल मापं घेऊ लागला. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजायची आणि तिन्हींत सगळ्यात कमी भरेल ती धरायची, ही त्याची रीत पर्लला आवडली. तो इंच आणि सुतांत बोलत होता. आठ सुतांचा एक इंच. बैठकीची खोली झाली, स्वयंपाकघर झालं. जेवणाच्या खोलीतल्या पश्चिमेच्या खिडकीशी आल्यावर टॅनिस म्हणाली, "ही मात्र बाहेरून. चांगली रुंद. खालच्या फळीच्याही खाली येऊ द्या."

"हीच का?" पर्लनं विचारलं.

"संध्याकाळचं ऊन येतं ना इथून."

ऊन बैठकीच्या खोलीतही येत होतं. रोमेलनं रुंदी तीनदा मोजली, आणि मग टेप एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरका धरला. दुसऱ्या दोन कोपऱ्यांतही धरला. आधीच्या एकाही खिडकीचे कर्ण त्यानं मोजले नव्हते. त्यानं टॅनिसकडे बघितलं. टॅनिस छताच्या दिव्याकडे बघत होती.

"इथं बाहेरूनच बसवावा लागेल मावशी," रोमेल म्हणाला. "चौकटीला आत पुरेशी जागा नाही. पट्ट्या मावणार नाहीत."

पर्लनं आपला पंजा उभा करून चौकटीच्या पोटात घातला. तो मनगटापर्यंत आत गेला. तिनं हात काढून घेतला, आणि "कॉफी टाकते," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. एक वाईट दाणा सापडला की ओरडायचं नसतं, दुसरा शोधायचा असतो, हे कचेरीत तिनं नव्या पोरींना पुष्कळदा शिकवलं होतं.

दुसरा सापडायला फार वेळ लागला नाही. रोमेल आणि टॅनिस मागच्या पायऱ्यांवर उभे होते. पर्लनं खिडकीच्या कोपऱ्यावर हलकेच बुक्की मारली. खिडकी दोन बोटं उघडली.

"...तिला काही बोलू नका," टॅनिस सांगत होती. "एकदा झाकलं की दिसायचं नाही."

"दिसणार नाही, पण चौकट आणखी..."

"पुढचं पुढे. आत्ता फक्त दिसायला नको."

ती दोघं गेल्यावर पर्ल जिना धरून तळघरात उतरली आणि मेट्रोचा ओळंबा घेऊन वर आली. पश्चिमेच्या खिडकीला वरच्या डाव्या कोपऱ्यात तिनं दोरी अडकवली आणि वजन डोलायचं थांबेपर्यंत वाट बघितली. वर दोरी लाकडाला टेकली होती. खाली ती लाकडापासून दूर लोंबत होती. मग पर्लनं टेप घेतला, वाकायचं टाळण्यासाठी त्याचं खालचं टोक काठीनं कोपऱ्यात दाबलं, आणि दोन्ही कर्ण मोजले. सहा सुतांचा फरक आला.

फरक बघून तिला धक्का बसला नाही. विनिपेगमध्ये अगदी सरळ घर शोधूनही सापडलं नसतं. खालची चिकणमाती पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरची घरं तिच्या मर्जीनं डोलतात. म्हणून तर तिथं घरोघरी तळघरात लोखंडी खांब असतात आणि त्यांच्या माथ्याला जाडजूड स्क्रू असतो. बर्फ वितळला की लोक पान्यानं तो थोडा फिरवतात आणि घर थोडं उचलून घेतात. मेट्रो दर वसंतात गाद्या उन्हात टाकाव्यात तितक्या सहज हे काम करी. तो गेल्यापासून कुणी खांबाला हात लावला नव्हता.

पर्लला प्रश्न पडला तो वेगळाच. हा तिरकेपणा झाकायचा कुणापासून? तिच्यापासून? ती तर सगळा संसार याच घरात करून बसली होती. वाटाणा जमिनीवर पडला तर तो कोणत्या कोपऱ्यात शोधायचा हे तिला ठाऊक होतं. इर्माला दिसत नव्हतं. राहिला तो माणूस, ज्यानं हे घर अजून बघितलेलंच नव्हतं.

आता सगळे दाणे एका ताटात आले. पांढरा रंग, स्क्रू, आणि भिंतीपर्यंत झाकलेली खिडकी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं रोमेलला फोन केला. "पश्चिमेची खिडकी. ती पण आतून बसव."

"पण मावशी, टॅनिसबाईंनी तर..."

"घर कुणाच्या नावावर आहे?"

"तुमच्या."

"आणि आत जागा नाही म्हणालास ना? माझा पंजा मनगटापर्यंत जातो. तुझा किती जातो ते येऊन बघ."

"मावशी, खरं सांगू? चौकट कलली आहे. या पट्ट्या दोऱ्यांवर लोंबतात, त्यामुळे त्यांच्या कडा ओळंब्यासारख्या सरळ राहणार. वाकड्या चौकटीत सरळ पडदा टांगला की बाजूला फट राहते. वर बारीक, खाली रुंद. उजेडाची पाचरच म्हणा ना. फार वाईट दिसतं."

"किती वाईट?"

"कुणीही खोलीत आलं की पहिल्यांदा तेच दिसेल."

"मग तसंच कर," पर्ल म्हणाली.

जूनच्या सुरुवातीला टॅनिस कामावर असताना रोमेल पडदे बसवून गेला. जाताना त्यानं बूट घालायला जरा घाईच केली. संध्याकाळी पर्ल जेवणाच्या खोलीत खुर्ची टाकून बसली. ऊन पट्ट्यांवर आलं, आणि डाव्या बाजूच्या फटीतून उजेडाची एक लांबट पाचर आत येऊन समोरच्या भिंतीवर उभी राहिली. वर सुरीच्या पात्याएवढी, खाली बोटाहून जाड. तिनं समाधानानं कॉफी संपवली. एवढी मोठी जाहिरात वाचूनही जो हे घर घेईल त्याला ते खुशाल मिळो.

रविवारी टॅनिस आली. अंगातलं जाकीट न काढताच ती खिडकीसमोर उभी राहिली.

"आई, हे काय केलंस?"

"मी? मी काही केलं नाही. जे काय केलंय ते खिडकीनं केलंय."

"ही बाहेरून बसवायची ठरली होती!"

"तुझं आणि रोमेलचं ठरलं होतं. पायऱ्यांवर."

टॅनिस खुर्चीवर बसली. तिचा चेहरा लाल झाला होता. ही लाली रागाची नव्हती हे पर्लला कळलं. लहानपणी पैशांचा डबा उघडताना सापडली तेव्हाही ती अशीच दिसली होती.

"पाटी कधी लावणार आहेस?" पर्लनं विचारलं.

"कसली पाटी?"

"उगाच विचारू नकोस. मी खुबा मोडून पडले होते तेव्हा इथं कोण कोण येऊन गेलं?"

टॅनिसनं एका दमात सगळं बोलून टाकलं. घरं विकणारी एक बाई येऊन गेली होती. तिनंच पांढऱ्या पट्ट्या सुचवल्या, आणि ही खिडकी झाकायलाही तिनंच सांगितलं. तिच्यानंतर टॅनिसनं एक इंजिनियर आणला. तो म्हणाला, घराचा वायव्येचा कोपरा खचतोय. कदाचित थांबलाही असेल. एक उन्हाळा जाऊ द्या, मग कळेल.

"आणि हे मला कुणी सांगायचं होतं?"

"तू ऐकलं असतंस? तू सहा जणांची गोष्ट सांगितली असतीस. आई, फेब्रुवारीत पुढच्या दारापुढे बर्फ साचला होता आणि मागचं दार चौकटीत अडकलं होतं. दुपारभर तू घरात कोंडून पडली होतीस. मला सांगितलंस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"इर्मामावशीनं."

पर्लनं खिडकीतून शेजारच्या घराकडे एक नजर टाकली. म्हणजे इर्मा इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करत होती.

"कोपरा आणखी खचला आणि बाथरूमचं दार अडकलं," टॅनिस म्हणाली, "आणि तू आत पडलेली असलीस तर? मी शहराच्या दुसऱ्या टोकाला. मला रात्ररात्र झोप लागत नाही."

"म्हणून हे घर झाकून दुसऱ्याच्या गळ्यात मारणार होतीस."

टॅनिसनं जाकिटाची चेन वर ओढली आणि पुन्हा खाली केली.

"आमच्या कचेरीत असे लोक यायचे. डब्यात वर कोरडा गहू, खाली भिजलेला. चांगल्या घरचे, चांगले कपडे घालून. आम्ही नमुना काढायची सळई तळापर्यंत घालायचो. तळात काय निघतं हे वर उभ्या असलेल्याच्या तोंडावरच कळायचं." पर्लनं कॉफी ओतली, एक मग मुलीपुढे सरकवला. "तुझ्या इंजिनियरला उन्हाळा बघायचाय ना? बघू. घरात मोजायचं साधन तूच आणून दिलंयस."

"म्हणजे?"

"या फटीचं खालचं टोक. आज किती आहे ते मोज."

टॅनिसनं टेप घेतला आणि ती वाकली. खुब्यात नवा सांधा बसवल्यापासून पर्लला वाकायची बंदी होती. शेवटची पट्टी आणि चौकट यांच्यामध्ये सात सूत भरले. पर्लनं काठीवर भार देऊन, चष्मा लावून, लांबूनच आकडा वाचला आणि मान हलवली.

करार तिथंच झाला. ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला पुन्हा मोजायचं. फट एक इंच किंवा त्याहून कमी भरली तर पर्ल याच घरात राहणार आणि टॅनिस लिफ्ट हा शब्द पुन्हा काढणार नाही. एक इंचाच्या वर गेली तर पर्ल घर सोडणार, आणि घर विकायचं ते खिडकी उघडी ठेवून, घेणाऱ्याला सगळं दाखवून.

"तू पडदा सरकवणार नाहीस कशावरून?" टॅनिसनं विचारलं.

"आणि तू?"

म्हणून पडदा ज्या दोन खोबणींत बसला होता त्यांच्या कडांनी पर्लनं टोकदार पेन्सिलीच्या रेघा मारल्या. रेघांशेजारी दोघींनी आपापली अक्षरं टाकली. मालाच्या नमुन्याला सील लावावं तसं.

तो उन्हाळा कोरडा गेला. जुलैत हिरवळ पिवळी पडली. ऑगस्टात भिंतीलगतच्या जमिनीला भेगा गेल्या. पर्ल रोज संध्याकाळी नळी धरून वायव्येच्या कोपऱ्याला पाणी घालू लागली. शहरात पुष्कळ लोक तसं घालतात, पण इर्मा कुंपणापलीकडून ओरडली, "काय गं, घराला मुळं फुटणार आहेत की काय?"

"तू आतली बातमी टॅनिसला कळव, म्हणजे झालं," पर्लनं उत्तर दिलं. इर्मा दोन आठवडे तिच्याशी बोलली नाही.

टॅनिस रविवारी आली की पहिल्यांदा जेवणाच्या खोलीत जाई. काही हवं असल्यासारखी कपाट उघडे आणि तिरप्या नजरेनं खिडकी बघे. पर्ल स्वयंपाकघरातून तिच्या पावलांकडे कान लावून बसे. पट्ट्या खुळखुळल्या की विचारी, "काय करतेयस?"

"काही नाही. धूळ झटकते."

"धूळ मी झटकली सकाळी."

एकदा टॅनिस तळघरात बराच वेळ होती. वर आली तेव्हा तिच्या हाताला काळं लागलं होतं. ती खांबाचा स्क्रू फिरवलाय का हे बघायला गेली होती, हे पर्लनं ओळखलं. स्क्रूवर धूळ जशीच्या तशी होती. पण पर्लनं तो फिरवायचा विचारच केला नव्हता असं नाही. ऑगस्टातल्या एका दुपारी ती पाना हातात घेऊन त्या खांबाशी उभी राहिली होती. मेट्रो असता तर त्यानं फिरवलाच असता, आणि त्याला कुणी लबाडी म्हटलं नसतं. तिनं पाना स्क्रूपर्यंत नेलाही. मग तो मागे घेतला, खिळ्याला अडकवला आणि जिना चढून वर आली. आता टॅनिसच्या हाताचं काळं बघून तिला वाटलं, फिरवला असता तर बरं झालं असतं. संशय तसाही होताच.

सप्टेंबरात तिनं पश्चिमेच्या खिडकीकडे बघायचं सोडून दिलं. पाचर रुंद दिसे, पण सूर्यही सरकला होता. नुसत्या डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिचंच शिकवणं.

थँक्सगिव्हिंगला टॅनिस टर्की घेऊन आली. पर्लनं कोबीच्या पानांत भात आणि खिमा भरून रोल केले होते. घरभर कांदा आणि शेपूचा वास होता. जेवायच्या आधी मोजायचं की नंतर, यावर जरा वाद झाला.

"आधी," पर्ल म्हणाली. "नंतर घास घशाखाली उतरायचा नाही. तुझ्या तरी, नाहीतर माझ्या तरी."

दोघी खिडकीपुढे उभ्या राहिल्या. आधी रेघा तपासल्या. पर्लनं बॅटरीच्या उजेडात डावी खोबण बघितली, टॅनिसनं उजवी. दोन्ही रेघा जागच्या जागी होत्या. पट्ट्यांचं डोलणं थांबलं. टॅनिसनं टेप घेतला आणि ती वाकली.

वाकलेलीच राहिली. पर्लला तिची पाठ तेवढी दिसत होती.

"काय झालं? आकडे विसरलीस?"

"एक इंच," टॅनिस म्हणाली.

"एक इंच किती?"

"नुसता एक इंच. बरोब्बर." टेप सर्रकन आत गेला. टॅनिस उठली. "इंचाच्या वर नाही गं आई. जिंकलीस तू. चल, जेवू. टर्की गार होतेय."

पर्ल जागची हलली नाही. सगळा उन्हाळा तिला एकाच गोष्टीचा संशय होता, की ही पोरगी आकडा वाढवून सांगेल. त्यासाठी तिनं काय काय योजून ठेवलं होतं. बॅटरी, चष्मा, आणि दुसरा टेप. आणि आता टॅनिस हसत होती. हसता हसता टेबलावरच्या सुऱ्या सरळ करत होती. त्या आधीच सरळ होत्या.

"टेप इकडे आण," पर्ल म्हणाली.

"आई, सांगितलं ना..."

"आण म्हटलं."

"तुला वाकायला नको सांगितलंय डॉक्टरांनी!"

"मी वाकत नाही. ती खुर्ची दे, उशीवाली. आणि तो दिवा लाव."

टॅनिसनं खुर्ची दिली नाही. पर्लनं ती स्वतः ओढली, खिडकीला कडेनं लावली आणि काठी भिंतीला टेकवून बसली. एक पाय लांब केला. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"आपलं ठरलं होतं ते झालं," टॅनिस म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तू राहा. मी जवळ राहायला येईन. दार अडकलं तर मी येईन. मोजू नकोस आता."

"तू सरक. उजेड अडतोय."

टॅनिस सरकली. पर्लनं टेपचं टोक चौकटीला टेकवलं, पट्टीच्या कडेपर्यंत ओढलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं. मग सोडलं आणि पुन्हा धरलं. मग पुन्हा. रुंदी तीनदा मोजायची असते. तिन्ही वेळा एकच आकडा आला: एक इंच, एक सूत.